पोतं पाठीवर की हातात? एका चकतीच्या शस्त्रक्रियेचं संगणकी मॉडेल

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या एका हमालाचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे तपशील बदललेत, पाठीचे तसेच ठेवलेत. वय चाळिशीच्या आसपास. डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरपर्यंत जाणारी कळ, दोन महिन्यांपासून. डाव्या पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी. उताणं झोपवून डावा पाय सरळ वर उचलला की ४० अंशांवरच तो "बास, बास" म्हणायचा. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, चकती मागच्या बाजूला डावीकडे फुटलेली आणि तिचा सुटा तुकडा एल५च्या नसेवर बसलेला.

गावाकडच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आलाय." हा शब्द आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो नेमका उलटा आहे. चकती झिजली की दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं. गॅप येत नाही, असलेला जातो. पण रुग्णाला ते समजावत बसण्यात अर्थ नसतो. त्याला एवढंच हवं असतं : "डॉक्टर, पोतं कधी उचलायचं तेवढं सांगा."

शस्त्रक्रिया करणारे सर्जन माझे शाळेपासूनचे मित्र. मी मुळात गाड्यांच्या धडकेची सिम्युलेशनं करणारा माणूस. चाकणच्या कारखान्यांसाठी बंपर आणि दारं संगणकावर चेपून बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. फायनाइट एलिमेंट पद्धत तीच. वस्तूचे हजारो बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे, प्रत्येक तुकडा किती ताणला जातो याची समीकरणं मांडायची आणि सगळी एकत्र सोडवायची. पोलादाच्या जागी हाड आलं की हात चालतोच, फक्त गर्व उतरतो.

मित्राचा प्रश्न साधा होता. दुर्बिणीनं चकतीपर्यंत पोचायचे दोन रस्ते. एक, कमरेच्या बाजूनं, नस बाहेर पडते त्या खिडकीतून सात-आठ मिलिमीटरची नळी घालायची. वाट अरुंद असेल तर मणक्यांना मागून जोडणाऱ्या सांध्याची, एल५च्या वरच्या बाजूची, पुढची कड थोडी तासायची. दुसरा, मागून, सोळा-अठरा मिलिमीटरच्या नळीतून. यात एल४च्या कमानीचा थोडा भाग आणि सांध्याची आतली कड जाते, पिवळा अस्थिबंध उघडावा लागतो. "कुठल्या वाटेनं गेलो तर हा माणूस परत पोतं उचलेल? आणि आत गेल्यावर नुसता सुटा तुकडा काढू, की आतला मऊ गरही थोडा साफ करू?"

पहिला प्रश्न त्याला जास्त छळत होता. सांधा तासायचा म्हणजे दाराची बिजागरी तासायची, ही भीती सर्जनच्या मनात पक्की बसलेली असते.

मॉडेलसाठी सीटी स्कॅनचे एकेक मिलिमीटरचे काप घेतले आणि थ्रीडी स्लायसर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एल१पासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंतची हाडं सुटी केली. चकत्या सीटीत नीट दिसत नाहीत, त्या एमआरआयवरून बसवल्या. इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. दोन्ही तपासण्या माणूस झोपलेला असताना होतात. म्हणजे आपण ज्याला 'भार नसलेला कणा' म्हणतो तो खरा भाररहित नसतोच. झोपलेल्या माणसाच्या चकतीतही ०.१ मेगापास्कलच्या आसपास दाब असतो, आणि रात्रभरात चकती पाणी ओढून घेते तसा तो वाढतो. सुरुवातीच्या आकारातच थोडी फसवणूक आहे, हे धरून चालावं लागतं.

मग साहित्याचे गुणधर्म. मणक्याच्या बाहेरच्या घट्ट हाडाचा ताठपणा सर्रास १२,००० मेगापास्कल धरतात, आतल्या जाळीदार हाडाचा १००च्या आसपास. मधला गर सुमारे १ मेगापास्कलचा, पण जवळजवळ न दबणारा, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखा. गाडीतल्या नेहमीच्या एलिमेंटना असलं साहित्य दिलं की ती ताठ होऊन बसतात आणि चकती दगडाची आहे असं उत्तर देतात. दाबाचा वेगळा हिशेब ठेवणारी एलिमेंट घ्यावी लागतात. हे ठाऊक असूनही मी एक रात्र त्यातच घालवली.

चकतीच्या कडेची वळी मात्र मला ओळखीची निघाली. पंधरा ते पंचवीस थर, प्रत्येक थरात कोलॅजेनचे धागे आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून, आणि शेजारच्या थरात तोच कोन उलट्या दिशेनं. जुन्या ट्रकच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर असेच तिरके, एकमेकांना छेद देत बसवलेले असतात. पिळ पडला की एका दिशेचे धागे ताणतात, दुसऱ्या दिशेचे ढिले पडतात. म्हणजे वाकलेल्या पाठीला पिळ दिला की अर्धीच फौज लढते. हा तपशील पुढे कामी आला.

पहिल्यांदा मॉडेल चालवलं तेव्हा ते कोसळलं. मी एल१वर ५०० न्यूटनचा भार सरळ खाली ठेवला होता, उभ्या माणसाच्या धडाएवढा. कणा मळलेल्या कणकेच्या लोळीसारखा वाकत वाकत आडवा झाला आणि सोडवणी थांबली. मला वाटलं, तुकड्यांची जाळी चुकली. जाळी ठीक होती, चूक माझ्या समजुतीत होती. स्नायू काढून नुसती हाडं, चकत्या आणि अस्थिबंध ठेवले तर कमरेचा कणा ९० न्यूटनच्या आसपासच लचकतो, म्हणजे नऊ किलोत. प्रेतांच्या कण्यांवर हे मोजलेलं आहे. जिवंत माणूस हजार न्यूटन लीलया झेलतो, कारण स्नायू प्रत्येक मणक्याला खालच्याशी बांधून ठेवतात आणि भार कण्याच्या वळणाबरोबर वळत खाली जातो. १९९९ साली पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असा वळणामागून जाणारा भार दिला तर तोच कमरेचा कणा १२०० न्यूटनपर्यंत उभा राहतो. इंग्रजीत त्याला फॉलोअर लोड म्हणतात. मणक्यांच्या मध्यातून दोऱ्या ओवून त्या खेचल्यासारखा हा प्रकार, आणि आज कमरेचं बहुतेक मॉडेल याच्यावर उभं आहे. खरे स्नायू त्यात नाहीत, त्यांची सावली आहे.

दुसरी चूक मात्र माझी मला दिसली नाही, मित्रानं पकडली. मी 'आधी' म्हणून निरोगी चकती घेतली होती, पुस्तकातली. त्यातून तुकडा आणि थोडा गर काढला, 'नंतर' तयार केलं, आणि दाब किती घसरला, मणके किती जवळ आले, मागच्या सांध्यांवरचा भार किती वाढला, याचं रंगीत चित्र घेऊन उत्साहानं त्याच्याकडे गेलो. त्यानं एमआरआय पडद्यावर लावला.

"ही चकती काळी आहे, दिसतंय ना तुला?"

दिसत होतं. निरोगी चकतीचा गर एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाण्यामुळे पांढरा उजळतो. याचा गर करडा-काळा, कडेपासून वेगळा ओळखूही येत नव्हता. फिरमन आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये ठरवलेल्या पाच श्रेणींतली ही चौथी श्रेणी. "म्हणजे हिचं पाणी केव्हाच गेलंय. तू माझ्या सुरीच्या नावावर जे लिहितोयस, ते हिच्या म्हातारपणानं आधीच करून ठेवलंय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. झिजलेल्या चकतीचा गर फुग्यासारखा वागत नाही; दाब मधून कडेकडे सरकतो, कडेची वळी खांबासारखी दबते, सांध्यांवर वजन जातं. मी 'आधी'ची चकती या माणसाची केली : गराला कमी पाणी, कमी उंची, कडेवरची फट आधीपासूनच धरलेली. 'आधी' आणि 'नंतर' यांतला फरक बराच आक्रसला. या क्षेत्रातले कित्येक निष्कर्ष 'शस्त्रक्रियेनं कणा अस्थिर होतो' असं म्हणतात तेव्हा तुलना कशाशी केलीय, हे मी आता आधी बघतो.

टक्केवारी मी मुद्दाम देत नाही. २०१४ साली जगभरातल्या आठ गटांची कमरेची मॉडेलं एकाच भाराखाली शेजारी ठेवून पाहिली गेली. प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं, आणि आठांचा मध्य प्रत्यक्ष मोजमापांना एकट्या मॉडेलपेक्षा जवळ. मग माझ्या एका मॉडेलच्या '१७ टक्क्यां'ना किंमत काय? दोन पर्यायांत कुठला वाईट आणि का, एवढंच मी त्याला विचारतो.

सांध्याचं उत्तर लवकर आलं. बाजूच्या वाटेनं सांध्याची पुढची कड तासली काय किंवा मागच्या वाटेनं आतली कड घेतली काय, पाठ पुढे-मागे वाकण्यात फारसा बदल नव्हता, पिळात किंचित वाढ. खात्रीसाठी मी पाप केलं : संगणकात सांधा तासत तासत अख्खा काढून टाकला. तेव्हा मात्र पिळाचं वळण एकदम सैल झालं. १९९०च्या सुमारास अबुमी आणि सहकाऱ्यांनी प्रेतांच्या कण्यांवर सांधे टप्प्याटप्प्यानं कापून हेच पाहिलं होतं : आतली कड गेली तरी चालतं, एका बाजूचा पूर्ण सांधा गेला तरी कणा अस्थिर. मित्राची बिजागरीची भीती निराधार नव्हती, पण त्याच्या हातातली सुरी त्या हद्दीच्या बरीच अलीकडे थांबत होती.

गराचं उत्तर गुंतागुंतीचं. सुटा तुकडाच काढला तर चकतीच्या आत जवळजवळ काही बदललं नाही. तो तुकडा आधीच भार वाहत नव्हता. गरही काढत गेलो तर दाब पडला, मणके जवळ आले, कडेच्या वळीची आतली भिंत बाहेर फुगण्याऐवजी पोकळीकडे आत झुकली आणि मागच्या सांध्यांवरचा भार वाढला. एक गडबड इथेही केली होती. पहिल्यांदा गराची एलिमेंट सरळ पुसून टाकली, म्हणजे आत निर्वात पोकळी. शरीरात पोकळी तशी राहत नाही. रक्त साचतं, त्याची गाठ होते, पुढे तंतू भरतात. मऊ भराव घातल्यावर चित्र कमी भेसूर झालं, दिशा तीच राहिली.

म्हणजे गर सोडावा? मॉडेलला विचाराल तर हो. पण मॉडेलला एक गोष्ट ठाऊकच नसते : राहिलेला गर उद्या त्याच फटीतून पुन्हा बाहेर येऊ शकतो. स्टॅनफर्डच्या कॅरेजी यांनी २००३मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी दिसलेल्या फटीनुसार रुग्णांचे गट पाडले. सुटा तुकडा आणि बारीक चीर असेल तर चकती पुन्हा फुटण्याचं प्रमाण १ टक्का. तुकडा आणि मोठं भोक असेल तर २७ टक्के. मग २००६मध्ये त्यांनी मोठं भोक असलेल्या रुग्णांत थोडा गर काढणं आणि बराच काढणं यांची तुलना केली. पुन्हा फुटण्याचं प्रमाण थोडा काढला तेव्हा १८ टक्के, बराच काढला तेव्हा ९ टक्के. पण बराच काढलेल्यांची कंबर जास्त दुखत राहिली. माझ्या पडद्यावरचा खाली बसलेला मणका आणि भार वाढलेले सांधे पाहिले की ती कंबरदुखी मला नवलाची वाटत नाही. टक्के रुग्णांवरून आले, त्यामागचं 'का' माझ्या बाजूनं दिसत होतं.

निर्णय अखेर टेबलावरच झाला. बाजूच्या वाटेनं गेल्यावर दुर्बिणीत बारीक चीर दिसली, भोक नव्हतं. मित्रानं सुटा तुकडा ओढून काढला, चिरेच्या तोंडाशी जे लोंबत होतं तेवढं घेतलं आणि थांबला. दुसऱ्या दिवशी माणूस चालत शौचाला गेला, पायातली कळ गेलेली. अंगठ्याचा जोर हळूहळू परतला.

राहिला त्याचा प्रश्न. पोतं.

मित्रानं चांगल्या हेतूनं सल्ला दिला होता : तीन महिने पाठीवर पोतं घ्यायचं नाही, नंतर काही महिने टोळीत हलकं काम कर, दुसऱ्याच्या पाठीवर पोतं चढवायला हात लाव. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं. पण मॉडेलमध्ये भार घालायचा तर तो काय करतो हे पाहायला हवं, म्हणून एका सकाळी भुसार बाजारात गेलो.

गाळ्यासमोर ट्रक लागला होता. पाठीवर घेणारा गुडघे किंचित वाकवून, धड पुढे झुकवून उभा राहतो. पोतं त्याच्या पाठीवर, मानेखाली येऊन टेकतं आणि तो लगेच चालू लागतो. बघणाऱ्याचा जीव घाबरा होतो. चढवणारे दोघे मात्र कुणाच्या नजरेत येत नाहीत. ते जमिनीवरच्या पोत्याचे कान धरतात, पाठ गोल करून वाकतात आणि झोका देत पोतं वर फेकतात. डावीकडे उभा असलेला माणूस दरवेळी वाकलेल्या स्थितीतच उजवीकडे वळतो.

तिथेच चहाच्या टपरीवर कागदावर ढोबळ हिशेब केला. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात. समोरचं वजन जितकं लांब तितक्या पटीनं त्यांना खेचावं लागतं, आणि ती सगळी ओढ चकतीवर दाब म्हणून बसते. ५० किलोचं पोतं पाठीवर असेल तर ते कण्याच्या जवळपास वरच असतं. पोत्याची आणि झुकलेल्या धडाची मिळून स्नायूंची ओढ १७०० न्यूटनच्या आसपास, वजन धरून चकतीवर २६०० ते २७०० न्यूटन. आता दोघांनी मिळून जमिनीवरून उचललेलं पोतं. वाट्याला २५च किलो, पण ते ३५ सेंटिमीटर पुढे, आणि धड पूर्ण वाकलेलं. पोत्यासाठी १७५० न्यूटन, धडासाठी जवळजवळ तेवढीच ओढ, वर वजन : चार हजारांवर. अमेरिकेच्या नायोश या संस्थेनं उचलण्याच्या कामासाठी सावधगिरीची रेषा ३४०० न्यूटनवर आखली आहे. 'हलकं काम' रेषेच्या वर होतं, 'जड काम' खाली.

हा कागदावरचा हिशेब हवेतला नाही. जर्मनीतल्या उल्म इथे विल्के यांनी १९९९मध्ये एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ चकतीत दाब मोजणारा बारीक सेन्सर ठेवून हेच पाहिलं : उभं असताना ०.५ मेगापास्कल, २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३, गुडघ्यांतून वाकून उचलताना १.७, आणि तेच वजन छातीशी धरून उभं राहिलं की १.१. वजन तेच, फक्त जागा बदलली आणि दाब निम्म्याहून खाली आला.

घरी येऊन दोन्ही भार त्या शस्त्रक्रिया झालेल्या मॉडेलवर घातले. पाठीवरच्या पोत्याखाली चकती सगळीकडून दबली, चीर शांत होती. चढवणाऱ्याच्या भाराखाली, वाकून उजवीकडे कललेल्या आणि पिळलेल्या पाठीत, मागच्या बाजूला डावीकडचे धागे सगळ्यांत जास्त ताणले गेले. नेमके तिथलेच, जिथे चीर होती. आणि पिळामुळे त्यातले एका दिशेचेच धागे ओढ घेत होते. दहा मिनिटांच्या कागदी हिशेबानं जे सांगितलं त्याला मॉडेलनं फक्त पत्ता जोडला. तीन आठवडे मी सांध्याची कड तासत बसलो होतो.

मित्राला दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय सगळ्यांना. हात लावायला ठेवा म्हणून."

सल्ला बदलला. तीन महिने काहीच नाही. मग पोत्यांच्या थप्पीवरून, खांद्याच्या उंचीवरचं पोतं सरळ पाठीवर घ्यायचं. जमिनीवरचं उचलायचं नाही, आणि चढवायला हात तर मुळीच लावायचा नाही. टोळीत हे चालवून घेणं सोपं नव्हतं. जो घेतो त्यानं कधीतरी चढवायचंही असतं, नाहीतर हमालीच्या वाटणीत कुरबुर होते. मुकादमानं सुरुवातीला थेट विचारलं, "म्हणजे जड काम चालतं आणि हलकं नाही? हे कुठलं डॉक्टर?" त्याला टपरीवरचा कागद दाखवला. तो जुना माणूस, शंभर किलोच्या पोत्यांचा काळ पाहिलेला. कागदाकडे बघितलंही नाही, म्हणाला, "पूर्वी चढवणाऱ्यांचीच कंबर आधी जायची. तेव्हा कोण विचारतो?"

आता एकच कोडं उरलंय. थप्पी उतरत जाते आणि सगळ्यांत खालचा थर शेवटी फळीवर, जमिनीलगतच असतो. तो कुणी घ्यायचा यावर टोळीत तोड निघालेली नाही. पुढच्या आठवड्यात मीटरपट्टी घेऊन जायचंय. फळ्या किती उंच केल्या तर धड सरळ राहतं आणि पोतं हातात न येता थेट पाठीवर येतं, ते मोजायचंय.